एमिसिव्हिटी १.१२

थर्ड इयरच्या हीट ट्रान्सफरच्या प्रॅक्टिकलला आमच्या बॅचची एमिसिव्हिटी आली १.१२.

ज्यांना हा विषय नव्हता (कॉम्प्युटर आणि आयटीची मंडळी, तुम्ही सुखी आहात) त्यांच्यासाठी सांगतो. तापलेली वस्तू प्रकाश आणि उष्णता बाहेर टाकते. तेवढ्याच तापमानाची आदर्श काळी वस्तू जितकी टाकेल त्याच्या तुलनेत आपली वस्तू किती टाकते, तो आकडा म्हणजे एमिसिव्हिटी. आदर्श काळ्या वस्तूला १. बाकी सगळं जग त्याच्या खाली. म्हणजे आमचं उत्तर शंभरपैकी एकशे बारा मार्क मिळाल्यासारखं होतं.

दुपारचे साडेचार वाजले होते. दोन तास डिमरस्टॅट फिरवून फिरवून आम्ही दोन चकत्या, एक काळी आणि एक साधी ॲल्युमिनियमची, एकाच तापमानाला आणल्या होत्या. व्होल्टमीटर, ॲमीटर वाचून झाले होते. पाचला मेसमध्ये चहा, आणि त्या दिवशी वडा. आमच्यातल्या एकाने बॅगेतून सीनियरचं जर्नल काढलं. त्यात उत्तर होतं ०.२८. मग पुढचं नेहमीचं. ०.२८ वरून उलटं गणित करत वर गेलो, ॲल्युमिनियमच्या चकतीला किती वॅट लागायला हवे होते ते काढलं, त्याला शोभेल असा करंट लिहिला. अगदी तेच उत्तर नको, डोळ्यावर येईल, म्हणून ०.२९ केलं. पुढच्या आठवड्यात सरांनी सही केली. दहापैकी नऊ.

हे वाचून ज्याला धक्का बसला तो नक्की फर्स्ट इयरचा असणार. जीटी मारलेल्या शीट्स, ग्रुपवर फिरणारे जर्नलचे फोटो आणि सबमिशनच्या आदल्या रात्री अख्ख्या विंगमध्ये चाललेलं 'छापणं', यावर या अंकात आधी विनोदी लेख येऊन गेले आहेत आणि ते मला आवडलेही होते. हा लेख त्यातला नाही.

मीसुद्धा ते १.१२ विसरून गेलो असतो. पण फायनल इयरला सेमिनारसाठी मी 'वायूंचं रेडिएशन' हा विषय घेतला. घेण्याचं कारण प्रामाणिकपणे सांगायचं तर पुस्तकात त्यावर चार-पाचच पानं आहेत आणि दोन छान चार्ट आहेत. वीस मिनिटं आरामात निघतील असा हिशेब होता. त्या चार-पाच पानांनी मला दोन महिने कामाला लावलं.

घन वस्तूचं बरं असतं. पृष्ठभाग समोर असतो, तिथूनच काय ते निघतं. वायूचं तसं नाही. नायट्रोजन, ऑक्सिजन यांच्यातून उष्णतेचे किरण आरपार जातात, ते त्यात पडतच नाहीत. पण कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ, म्हणजे बॉयलरच्या भट्टीत इंधन जळून जे तयार होतं तेच, काही ठरावीक तरंगलांबी शोषून घेतात आणि तापल्यावर नेमक्या त्याच बाहेर टाकतात. शिवाय हे सगळं वायूच्या पूर्ण जाडीतून होतं. थर जाड असेल तर जास्त, पातळ असेल तर कमी. तापमान वाढवलं की रेणू नव्या नव्या पायऱ्यांवर चढतात आणि ज्या रेषा थंड वायूत दिसतच नव्हत्या त्या उगवतात. दाब वाढवला की रेणूंची एकमेकांना धडक वाढते आणि प्रत्येक रेषा रुंद होते, म्हणजे दोन रेषांमधली मोकळी जागा भरत जाते. थोडक्यात, एका वायूची 'एमिसिव्हिटी किती' या प्रश्नाला एक उत्तर नाही. तापमान, दाब, जाडी हे तीनही सांगितल्याशिवाय प्रश्नच पूर्ण होत नाही.

आपण पेपरात ज्या चार्टवरून पट्टी लावून आकडा वाचतो तो हॉटेल यांचा. (हॉटेल हे आडनाव आहे. हॉयट हॉटेल, एमआयटीतले केमिकल इंजिनियरिंगचे प्राध्यापक. सेमिनारला या नावावर हशा पिकला तो पिकलाच.) १९३० आणि १९४० च्या दशकांत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरम वायूंवर मोजमापं करून ते चार्ट बनवले. असं मोजायला किती त्रास आहे ते डोळ्यांसमोर आणून बघा. लांब नळीत वायू भरून तो हजार-बाराशे डिग्रीला तापवायचा आणि टोकाकडून किती ऊर्जा येते ते मोजायचं. नळीच्या टोकाला खिडकी बसवली तर ती खिडकी स्वतःच तापून किरण टाकणार किंवा काही किरण स्वतःच खाणार. टोक उघडं ठेवलं तर तिथला वायू थंड होणार. आणि थंड थर नेमक्या त्याच तरंगलांबी शोषतो ज्या गरम थर बाहेर टाकतो, कारण वायू तोच. म्हणजे आपण जे मोजायला बसलोय तेच वाटेत चोरीला जातं! नळीत सगळीकडे तापमान सारखं आहे याची खात्री करणं हे अर्धं काम.

१९७२ मध्ये लेकनर यांनी स्पेक्ट्रमच्या माहितीवरून हे आकडे नव्याने काढले. हॉटेलनी जिथे खरोखर मोजलं होतं तिथे त्यांचे चार्ट चांगले जुळले. जिथे मोजणं जमलं नव्हतं आणि रेषा अंदाजाने पुढे ओढलेल्या होत्या, तिथे फरक निघाला. मला हे वाक्य वाचून पहिल्यांदा ०.२९ आठवलं. आजकाल तर गॅस टर्बाइनमध्ये जळण वीस-तीस ॲटमॉस्फिअर दाबाखाली होतं, तिथे एका ॲटमॉस्फिअरचा चार्ट दुरुस्त्या लावून लावून किती पुरणार? म्हणून गरम वायूंसाठी एकेका रेषेची नोंद असलेल्या याद्या तयार झाल्या. २०१० ची 'हायटेम्प' नावाची यादी आहे, तिच्यात नुसत्या पाण्याच्या वाफेच्या दहा कोटींहून जास्त रेषा आहेत. यातल्या बहुतेक गणिताने काढलेल्या. त्यामुळे कोणीतरी खरा गरम वायू घेऊन, खरा दाब देऊन, त्या बरोबर आहेत का हे तपासत राहावं लागतं.

इथपर्यंत माझा सेमिनार झाला असता. पण वाचता वाचता सूर्यापाशी पोचलो आणि तिथे अडकलो.

सूर्य म्हणजे काय, तर भरपूर तापलेला, भरपूर दाबलेला वायूच. मध्यभागी दीड कोटी केल्विनला ऊर्जा तयार होते. तिथून बाहेर येताना त्रिज्येचा साधारण सत्तर टक्के प्रवास ती प्रकाशाच्या रूपात करते. शोषलं जायचं, पुन्हा बाहेर पडायचं, असं धक्के खात. या प्रवासाला लाखभर वर्षांहून जास्त लागतात असा हिशेब आहे. पुढे वायू इतका प्रकाश अडवायला लागतो की नुसत्या किरणांनी काम भागत नाही आणि वायूच उकळत्या पाण्यासारखा खालीवर व्हायला लागतो. ही सीमा नेमकी कुठे आहे ते सूर्याच्या कंपनांवरून कळलेलं आहे: त्रिज्येच्या ०.७१३ वर. तिथलं तापमान बावीस लाख केल्विनच्या आसपास.

आता गंमत. ही सीमा कुठे पडणार हे वायू प्रकाशाला किती अडवतो यावर ठरतं आणि अडवण्याचं मोठं काम हायड्रोजन-हेलियम करत नाहीत. त्यांचे इलेक्ट्रॉन तिथे सुटून गेलेले असतात. काम करतात ते चिमूटभर असलेले ऑक्सिजन, निऑन, लोखंड यांसारखे जड अणू, ज्यांच्याजवळ अजून काही इलेक्ट्रॉन शिल्लक आहेत. एकट्या लोखंडाचा वाटा त्या सीमेपाशी जवळजवळ पाव.

२००५ मध्ये आस्प्लंड आणि सहकाऱ्यांनी सूर्याच्या पृष्ठभागावरच्या प्रकाशाचा नव्याने अभ्यास करून सांगितलं, की कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन आपण समजत होतो त्यापेक्षा तीस-चाळीस टक्के कमी आहेत. झालं. अडवणारे अणू कमी झाले, म्हणजे गणितातली सीमा जागची हलली आणि कंपनांवरून मोजलेल्या सीमेशी जुळेना. एक तर ऑक्सिजनचा नवा आकडा चुकीचा, किंवा तिथले अणू आपल्या गणितापेक्षा साधारण पंधरा टक्के जास्त प्रकाश अडवतात. यातलं कुठलं खरं? मुद्दा असा, की त्या तापमानाला लोखंड किती प्रकाश अडवतं हे तोपर्यंत कोणी मोजलेलंच नव्हतं. सगळे आकडे गणिताचे. वेगवेगळ्या गटांची गणितं एकमेकांशी बऱ्यापैकी जुळत होती, म्हणून सगळे निर्धास्त. आपल्या भाषेत, सगळ्या सीनियरांच्या जर्नलमध्ये ०.२८.

मोजणार कसं? बावीस लाख केल्विनचं लोखंड ठेवायला भांडं नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात आल्बुकर्क इथे सँडिया प्रयोगशाळेत 'झेड' नावाचं यंत्र आहे. कपॅसिटरच्या ३६ फळ्या, त्या तेलात बुडवलेल्या, पुढे विजेचा झटका पाण्याच्या टाक्यांमधून दाबत दाबत छोटा करायचा आणि शेवटी एका सेकंदाच्या कोटीव्या भागात सुमारे दोन कोटी साठ लाख अँपिअर मध्यभागी सोडायचे. (हॉस्टेलवर इस्त्री आणि कॉइलची शेगडी एकाच बोर्डावर लावली की एमसीबी पडतो, त्यावरून अंदाज घ्या.) मध्यभागी केसांहून बारीक टंगस्टनच्या तारा असतात. त्यांची वाफ होते, करंटचं स्वतःचंच चुंबकीय क्षेत्र त्या वाफेला आत चिरडतं आणि क्ष-किरणांचा लोट निघतो.

त्या लोटाच्या वाटेत एक पातळ पत्रा ठेवतात. लोखंड आणि मॅग्नेशियम मिसळलेला, आणि दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा थर, सँडविचसारखा, म्हणजे तापल्यावर तो लगेच फुगून पसरत नाही. क्ष-किरण त्याला तापवतात आणि तेच क्ष-किरण त्याच्यातून आरपार जाताना किती कमी झाले ते पलीकडे स्फटिकावरून परावर्तित करून फिल्मवर टिपतात. हिशेब आपलाच, बारावीत शिकलेला: किती पडला, किती पार झाला. पण 'किती पडला' हे कळणार कसं? म्हणून पत्रा अर्धचंद्रासारखा. अर्ध्या भागात लोखंड, अर्ध्या भागात नुसतं प्लॅस्टिक. एकाच झटक्यात दोन्ही मोजले जातात.

आणि मॅग्नेशियम कशाला? हा भाग मला सगळ्यांत आवडला. तापमान आणि घनता मोजायला तिथे थर्मोकपल लावता येत नाही, म्हणून मॅग्नेशियम हेच थर्मामीटर. त्याच्या रेषांचं एकमेकींशी प्रमाण काय यावरून तापमान आणि त्या किती रुंद झाल्या यावरून घनता. म्हणजे लोखंडाबद्दलचा निकाल लोखंडावरून लावायचा नाही, शेजारच्या साक्षीदाराला विचारायचं. उलटं गणित करायला वावच ठेवलेला नाही.

एक झटका झाला की मधलं सगळं उडून गेलेलं असतं. ते साफ करा, नवीन बसवा. दिवसाला साधारण एक शॉट.

२००७ मध्ये जिम बेली आणि त्यांच्या गटाने पहिले निकाल दिले. तापमान अठरा लाख केल्विनच्या आसपास होतं. लोखंडाची मोजणी गणिताशी छान जुळली. इथे थांबले असते तरी कोणी काही म्हणालं नसतं. पण सूर्यातल्या त्या सीमेवर तापमान आणि घनता दोन्ही जास्त आहेत, म्हणून त्यांनी प्लॅस्टिकचा थर जाड केला, रचना बदलली आणि एकोणीस ते तेवीस लाख केल्विनपर्यंत गेले. इलेक्ट्रॉनची घनता सूर्याइतकी नाही, पण त्याच्या निम्म्याच्या जवळपास पोचली. मी कॅल्क्युलेटरवर एन-के-टी करून पाहिलं, दाब कोटीभर ॲटमॉस्फिअरच्या घरात येतो. आणि इथे आकडे फिसकटले. लोखंड गणितापेक्षा जास्त प्रकाश अडवत होतं. थोडंथोडकं नाही, तरंगलांबीनुसार तीस टक्क्यांपासून चारशे टक्क्यांपर्यंत जास्त.

१.१२.

त्यांनी काय केलं हे बघण्यासारखं आहे. पहिली शंका स्वतःवर घेतली. पत्र्याच्या मागच्या प्रकाशात गडबड आहे का, प्लॅस्टिक स्वतः चमकतंय का, पत्र्यात सगळीकडे तापमान सारखं आहे का, मॅग्नेशियमच फसवतंय का. एकेक शंका घ्यायची, ती खरी असेल तर उत्तर किती बदलेल ते काढायचं, पुन्हा शॉट मारायचा. शेवटी निबंध 'नेचर'मध्ये छापून आला तो जानेवारी २०१५ मध्ये. त्यात त्यांनी सूर्याचा प्रश्न सुटला असं म्हटलं नाही. आपल्या आकड्याने सूर्याच्या वायूची अडवणूक सरासरी सात टक्के वाढते, कमी पडणाऱ्या भागापैकी साधारण अर्धी, एवढंच म्हटलं. चारशे टक्क्यांचे सातच का, असा प्रश्न मला ओरलला आला होता. खोलीची भिंत कितीही जाड केली तरी खिडकी उघडी असेल तर थंडी खिडकीतूनच येते. प्रकाशही जिथे अडवणूक कमी त्या फटींमधून निसटतो, त्यामुळे सरासरीत फटींना किंमत असते. त्यातून लोखंड एकूणाच्या पाव. फटी किती उघड्या हेच मोजायचं होतं.

मग २०१९ मध्ये त्याच गटातले नागायामा आणि सहकारी यांनी आणखी एक केलं. लोखंडाचे आवर्तसारणीतले शेजारी, क्रोमियम आणि निकेल, त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने मोजले. यंत्रात किंवा पद्धतीत खोट असेल तर ती तिघांतही दिसायला हवी, असा सरळ विचार. रेषा गणितापेक्षा रुंद आहेत हे तिघांतही निघालं. पण आखूड तरंगलांबीकडची मोठी तफावत फक्त लोखंडात राहिली. क्रोमियम, निकेल तिथे गणिताशी जुळले. म्हणजे यंत्रावर खापर फोडून मोकळं होण्याची वाट बरीचशी बंद झाली.

वाद अजून मिटलेला नाही. गणितवाल्यांनी पुन्हा गणितं केली, त्यात सुलताना नाहर आणि अनिल प्रधान यांनी २०१६ मध्ये काढलेले आकडे जुन्यापेक्षा वर गेले आणि त्यावर इतरांनी शंका घेतल्या. लिव्हरमोरच्या लेसर यंत्रावर वेगळ्या पद्धतीने तेच मोजण्याचं काम हाती घेतलं गेलं. २०२२ मध्ये दुसऱ्या एका गटाने सूर्यातल्या जड अणूंचं प्रमाण पुन्हा जुन्या आकड्याच्या जवळ आणून ठेवलं, म्हणजे मुळात तेवढी तूट होती का इथपासून प्रश्न. उद्या कदाचित सिद्ध होईल की सँडियाची मोजणीच चुकली होती. चालेल. ती चूक कुठे होती ते शोधता येईल, कारण आकडा जसा आला तसा लिहिलेला आहे. माझ्या ०.२९ मधली चूक कोणी शोधूच शकत नाही. तिथे चूक नाहीच, तिथे काहीच नाही.

माझ्या रूम पार्टनरला मी हे सगळं रात्री दोन वाजता मोठ्या उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, "अरे, ते सूर्य मोजतायत. आपण केटी वाचवतोय." मुद्दा बिनतोड होता, मी झोपलो.

पण दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेलो. मनात एकच होतं, त्या मशीनवर १.१२ आलंच कसं. लॅबमध्ये काका होते. त्यांना विचारलं, तर ते हसले. म्हणाले, "काय रे, आत्ता आठवण झाली होय? त्या पांढऱ्या चकतीचं थर्मोकपल सैल झालंय. हाताने दाबून धरलं की आकडा वीस-पंचवीस डिग्री वर जातो. तुमच्या आधीपासून आहे ते."

मी म्हटलं, "मग काका, दुरुस्त का नाही झालं?"

"मी सांगितलं होतं एकदा. पण जर्नल बघितली तर सगळ्यांचं उत्तर बरोबर येतंय ना! मग खर्च कशाला मंजूर करतील?"

मी कागद काढून बसलो. थर्मोकपल सैल, म्हणून चकती जितकी तापलीय त्यापेक्षा आकडा कमी दाखवतं. आपण तो आकडा काळ्या चकतीच्या बरोबरीला यावा म्हणून डिमरस्टॅट वाढवतो. खरी चकती कितीतरी जास्त तापते, काळीपेक्षा जास्त वॅट खाते आणि सूत्रात घातलं की उत्तर एकच्या वर. अगदी असंच यायला हवं होतं. आमच्या १.१२ ने मशीनचं दुखणं बोट ठेवून दाखवलं होतं आणि आम्ही ते खोडरबरने पुसलं. आमच्या आधीच्यांनीही पुसलं असणार. किती वर्षं ते कोण सांगणार, कारण पुरावाच नाही. फायलीत ते मशीन ठणठणीत आहे.

'आपल्याकडे उपकरणं कुठे आहेत' हे आपलं आवडतं वाक्य आहे, मीही भरपूर वापरलंय. मेघनाद साहांनी १९२० मध्ये कलकत्त्यात बसून तापमान आणि दाब यांवरून वायूतले किती अणू इलेक्ट्रॉन गमावतात याचं समीकरण मांडलं. ताऱ्यांच्या प्रकाशात अमुक रेषा का दिसते आणि तमुक का नाही हे त्यातून कळायला लागलं. त्यांच्याकडे उपकरणं खरोखरच नव्हती. पण समीकरण मांडल्यावर ते लंडनला फाउलरांकडे आणि तिथून बर्लिनला नर्न्स्टच्या प्रयोगशाळेत गेले, ते हे प्रयोगाने तपासता येईल का या ओढीने. आपल्याकडे डिमरस्टॅट आहे, दोन चकत्या आहेत, काका आहेत, आणि आपण ते न तपासण्यासाठी कष्ट घेतो. उलटं गणित करायला आम्हाला पाऊण तास लागला होता. तेवढ्या वेळात थर्मोकपल दाबून बघता आलं असतं.

सरांनाही यात थोडं बोलायचं आहे, रागावू नये. वीस-बावीस पोरांची बॅच, आठवड्याला चार-पाच बॅचेस, टर्मवर्क वेळेत पाठवायचं, तपासणीला टीम येणार म्हणून फायली तयार ठेवायच्या, हे सगळं आम्हाला दिसतं. पण मार्क कशाला मिळतात हे आम्हाला पहिल्या सेमिस्टरलाच कळतं. ०.२९ ला नऊ मिळतात. १.१२ ला "रिपीट करा" मिळतं, तेही मशीन रिकामं नसताना. एक्स्टर्नल सर जर्नलचं शेवटचं पान उघडतात आणि उत्तर बघतात. निरीक्षणाचं पान कोणी उघडत नाही. अशात जो खरा आकडा लिहील तो हुशार ठरणार की येडा?

माझं म्हणणं एवढंच आहे, की निरीक्षणाच्या कागदावर त्याच दिवशी, लॅबमधून बाहेर पडायच्या आत, पेनाने लिहिलेल्या आकड्यांवर सही व्हावी आणि निम्मे मार्क तिथेच द्यावेत. उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही तर जर्नलमध्ये अर्धं पान 'का जुळलं नसेल' यावर लिहायला सांगावं, आणि ओरलला त्याच पानावर प्रश्न विचारावेत. यात खर्च नाही. आम्हाला त्रास आहे, हे मान्य. सीनियरचं जर्नल काही कामाचं राहणार नाही आणि आमची पोरं मलाच शिव्या घालतील. एका सरांना हे बोलून दाखवलं, तर ते म्हणाले, सगळ्यांचीच उत्तरं चुकीची यायला लागली तर? मी म्हटलं, सर, ती आत्ताही येतायत.

यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मशीनच्या दुरुस्तीचा अर्ज लिहायला सांगितला आणि सोबत आमच्या खऱ्या रीडिंगचा कागद जोड म्हणाले. तो कागद अर्थातच आमच्याकडे नव्हता.

म्हणून येत्या शनिवारी दुपारी दोन वाजता तेच प्रॅक्टिकल पुन्हा करतोय. एकदा थर्मोकपल आहे तसं ठेवून आणि एकदा नीट बसवून. काका चावी देणार आहेत. आमच्या बॅचमधले दोघं येतो म्हणालेत, बाकीच्यांचं क्रिकेट आहे. स्टेडी स्टेट यायला दोन तास लागतात, त्यामुळे ज्यांना यायचं असेल त्यांनी मेसचा चहा बुडेल हे धरूनच या.